मोटारसायकलची साखळी

मोटारसायकलची साखळी ही इंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत पोहोचवणारी पोलादी कड्यांची अखंड माळ आहे. बोलीभाषेत तिला चेन म्हणतात. गिअरपेटीतून बाहेर आलेल्या दांड्यावरचे लहान दंतचक्र आणि मागील चाकावरचे मोठे दंतचक्र या दोहोंभोवती ती फिरते. वापराबरोबर साखळीचे सांधे झिजतात, तिची एकूण लांबी वाढते आणि ती सैल पडते. म्हणून तिचा सैलपणा मोजणे, तो ठरलेल्या मापात आणणे, साखळी स्वच्छ करणे आणि तिला वंगण देणे ही कामे ठरावीक अंतराने करावी लागतात. साधी अवजारे आणि वाहनाची मार्गदर्शक पुस्तिका जवळ असल्यास ही कामे घरीही करता येतात.

साखळी पूर्ण ताणलेली असावी, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तिच्यात ठरावीक झोळ असणे आवश्यक असते. झोळ प्रमाणाबाहेर वाढला तर साखळी दात्यांवरून उतरू शकते; तो उरलाच नाही तर साखळी, धारवे आणि गिअरपेटीचा दांडा यांच्यावर घातक ताण येतो.

या लेखात प्रामुख्याने भारतात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या १०० ते १५० घन सेंटीमीटर क्षमतेच्या मोटारसायकलींचा विचार केला आहे. इंजिनाच्या आत असणारी कॅम चेन आणि काही वाहनांत इंजिन व क्लच यांना जोडणारी प्राथमिक साखळी या वेगळ्या असून त्यांचा येथे समावेश नाही.

इतिहास

साखळीने गती वाहून नेण्याची कल्पना जुनी आहे. लिओनार्दो दा विंची याच्या टिपणवह्यांत कड्यांच्या साखळीची रेखाटने आढळतात. आजच्या साखळीचे मूळ मात्र इ.स. १८८० मधील एका शोधात आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमधील मँचेस्टर येथे स्थायिक झालेले अभियंते हान्स रेनॉल्ड यांनी त्या वर्षी बुश व रोलर असलेली साखळी तयार केली. दात्याशी होणारा स्पर्श फिरत्या रोलरवर घेतल्यामुळे घर्षण कमी झाले आणि साखळीचे आयुष्य वाढले. जॉन केम्प स्टार्ली यांच्या १८८५ मधील रोव्हर सायकलीने साखळीने फिरणारे मागील चाक लोकप्रिय केले.

आरंभीच्या मोटारसायकलींत साखळी सर्रास वापरली जात नव्हती. जर्मनीतील हिल्डेब्रांट व व्होल्फम्युलर यांच्या १८९४ मधील मोटारसायकलीत जोडदांडे थेट मागील चाक फिरवीत. इतर अनेक वाहनांत चामड्याचा पट्टा असे. तो पावसात घसरे आणि चढावर दगा देई. इंजिनांची शक्ती वाढत गेली तशी साखळीने पट्ट्याची जागा घेतली.

रचना

साखळीत दोन प्रकारच्या कड्या आलटून पालटून असतात. आतील कडीत दोन पट्ट्या, त्यांत घट्ट बसवलेले दोन बुश आणि बुशवर सैल फिरणारे दोन रोलर असतात. बाहेरील कडीत दोन पट्ट्या आणि दोन पिना असतात. पिन बुशच्या पोकळीतून जाते आणि त्या जागी सांधा तयार होतो. साखळी दंतचक्रावर वळते तेव्हा पिन बुशमध्ये किंचित फिरते. साखळीची मुख्य झीज याच ठिकाणी होते.

आतील व बाहेरील कड्यांची जोडी पूर्ण व्हावी लागत असल्यामुळे साखळीतील एकूण कड्यांची संख्या सम असते. दोन टोके जोडण्यासाठी स्वतंत्र जोडकडी असते; गॅरेजमध्ये तिला चेन लॉक म्हणतात. लहान वाहनांच्या जोडकडीवर माशाच्या आकाराची स्प्रिंगची क्लिप असते. तिचे बंद तोंड साखळीच्या प्रवासाच्या दिशेला आणि फटीचे तोंड मागे ठेवतात. उलट बसवलेली क्लिप एखाद्या अडथळ्याला लागून निघण्याचा धोका असतो.

मोठ्या मोटारसायकलींच्या साखळीत आतील व बाहेरील पट्ट्यांच्या मध्ये रबरी कडी असते. तिच्या छेदाच्या आकारावरून अशा साखळ्यांना ओ-रिंग किंवा एक्स-रिंग साखळी म्हणतात. कारखान्यात सांध्यांत भरलेले ग्रीस ही रबरी कडी आत राखून ठेवते आणि धूळ-पाणी बाहेर ठेवते. भारतातील १०० ते १२५ घन सेंटीमीटरच्या बहुतेक मोटारसायकलींवर अशी रबरी कडी नसलेली साधी साखळी असते.

साखळीचे क्रमांक

साखळीच्या पट्टीवर ४२८, ५२० यांसारखा क्रमांक कोरलेला असतो. त्यातील पहिला अंक दोन शेजारच्या पिनांच्या मध्यबिंदूंमधील अंतर एक अष्टमांश इंचाच्या पटीत सांगतो. या अंतराला पिच म्हणतात. ४२८ क्रमांकाच्या साखळीचा पिच चार अष्टमांश, म्हणजे अर्धा इंच (१२.७ मिमी) असतो, ५२०, ५२५ आणि ५३० या साखळ्यांचा पिच पाच अष्टमांश इंच (१५.८७५ मिमी) असतो. पुढील दोन अंक साखळीच्या रुंदीचा निर्देश करतात. भारतातील लहान मोटारसायकलींवर प्रामुख्याने ४२८ क्रमांकाची साखळी आढळते. क्रमांकापुढे आलेले एच हे अक्षर अधिक जाड पट्ट्यांची साखळी दर्शवते. नवी साखळी घेताना क्रमांक आणि कड्यांची संख्या दोन्ही जुळावी लागतात.

झोळ का आवश्यक असतो

मागील चाक स्विंगआर्म नावाच्या दुबेळक्यात बसवलेले असते. रस्त्यावरील खड्ड्यांनुसार चाक वर-खाली होते तेव्हा हा दुबेळका आपल्या खिळीभोवती झुलतो. पुढील दंतचक्राचे केंद्र मात्र या खिळीपासून काही अंतर पुढे असते. परिणामी चाक वर-खाली होताना दोन्ही दंतचक्रांच्या केंद्रांमधील अंतर सतत बदलते. पुढील दंतचक्राचे केंद्र, दुबेळक्याची खीळ आणि मागील चाकाची आस ही तिन्ही एका सरळ रेषेत येतात त्या क्षणी हे अंतर सर्वाधिक असते आणि साखळीला सर्वाधिक लांबी लागते.

उभ्या वाहनावर ताठ दिसणाऱ्या साखळीला त्या क्षणी लागणारी जादा लांबी मिळत नाही. मागे माणूस बसलेला असताना वाहन खड्ड्यात आदळले की साखळी तारेसारखी ताणली जाते. हा ताण गिअरपेटीच्या दांड्याच्या धारव्यावर, चाकाच्या धारव्यांवर आणि साखळीच्या प्रत्येक पिनेवर येतो. झोळ ही या बदलत्या अंतरासाठी ठेवलेली शिल्लक होय.

झोळाचे योग्य माप वाहनागणिक वेगळे असते. लहान प्रवासी मोटारसायकलींत ते साधारणतः २० ते ३० मिमी आणि काही वाहनांत २५ ते ३५ मिमी असते. खडबडीत वाटांसाठी बनवलेल्या, चाकाची वर-खाली हालचाल मोठी असणाऱ्या वाहनांत ते याहून जास्त असते. आपल्या वाहनाच्या पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेल्या पट्टीवर दिलेले माप हेच प्रमाण मानावे.

साखळी सैल का होते

वापराने साखळी ‘ताणली’ जाते असे म्हटले जाते, परंतु पोलादी पट्ट्या सहसा ताणल्या जात नाहीत. पिना आणि बुश झिजून प्रत्येक सांध्यात थोडी फट पडते आणि अशा सर्व फटींची बेरीज म्हणजे साखळीची वाढलेली लांबी.

ही झीज किती लवकर साठते, हे एका हिशेबावरून समजते. चाकाचा परीघ १.९ मीटर, मागील दंतचक्राचे दाते ४२ आणि साखळीच्या कड्या ११० मानल्या, तर एका किलोमीटरमध्ये चाक सुमारे ५२६ वेळा फिरते आणि साखळी सुमारे २०० फेऱ्या पूर्ण करते. म्हणजे १,००० किलोमीटरमध्ये सुमारे २ लाख फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा दोनदा वाकतो आणि दोनदा सरळ होतो. ११० सांध्यांत प्रत्येकी केवळ ०.०२ मिमी झीज झाली, तरी साखळीची लांबी २.२ मिमीने वाढते. ही वाढ क्षुल्लक वाटली, तरी २५ मिमी असलेला झोळ जवळजवळ दुप्पट करण्यास ती पुरेशी असते. म्हणूनच बेताचा दिसणारा झोळ काही आठवड्यांत एकाएकी वाढल्यासारखा भासतो.

वंगणाचा अभाव, धूळ व चिखल, गिअर बदलताना बसणारे झटके, जादा भार आणि वाकड्या रेषेत बसलेले चाक ही झीज वाढवणारी इतर कारणे होत.

लक्षणे व परिणाम

सैल साखळीची काही लक्षणे चालकाला सहज ओळखता येतात:

• अ‍ॅक्सिलरेटर सोडताना किंवा पुन्हा पिळताना वाहनाला झटका बसतो.
• खड्ड्यातून जाताना साखळी तिच्या आवरणावर आपटून खडखडाट होतो.
• कमी वेगात वाहन समरसतेने न चालता हिसके देत चालते.

फार सैल साखळी दात्यांवरून उतरू शकते. उतरलेली साखळी चाक आणि दुबेळका यांच्या मध्ये अडकली, तर मागील चाक चालत्या वाहनावर एकाएकी जाम होते. पुढील दंतचक्रापाशी गोळा झालेली साखळी इंजिनाचे बाहेरील आवरणही फोडू शकते. अतिताणलेल्या साखळीची लक्षणे अशी ठळक नसतात. घरघर किंवा कण्हल्यासारखा आवाज आणि ढकलताना जड वाटणारे वाहन एवढ्यावरूनच तिची शंका येते. त्यामुळे तिचे नुकसान बहुधा उशिरा, धारवा खराब झाल्यावर लक्षात येते. अचूक माप साधणे शक्य नसेल तेव्हा झोळ दिलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूस ठेवणे अधिक सुरक्षित असते. तो किमान मर्यादेपेक्षा कमी कधीही ठेवू नये.

झोळ मोजणे

झोळ मोजण्यासाठी वाहन सपाट जमिनीवर उभे करतात. गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद आणि किल्ली काढून ठेवलेली असावी. काही वाहनांचे माप डबल स्टँडवर, तर काहींचे साइड स्टँडवर उभे असताना घ्यावयाचे असते. दोन्ही स्थितींत झोळ वेगळा येतो, म्हणून पुस्तिकेतील सूचना पाहावी.

दोन्ही दंतचक्रांच्या बरोबर मध्यावर, साखळीची खालची बाजू बोटाने किंवा स्क्रूड्रायव्हरने आधी खाली दाबतात आणि नंतर वर उचलतात. या दोन टोकांमधील एकूण अंतर म्हणजे झोळ. मागे उभी धरलेली पट्टी यासाठी पुरते. पूर्ण झाकलेल्या साखळीच्या आवरणाला खालच्या बाजूस रबरी बुचाचे छिद्र असते. बूच काढून त्यातून माप घेतात.

साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही. म्हणून चाक हाताने थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी माप घ्यावे. जेथे झोळ सर्वांत कमी भरेल ती जागा खडूने खुणावून पुढील सर्व समायोजन त्याच जागी करावे. सैल जागी माप बरोबर केल्यास घट्ट जागी साखळी अतिताणली जाते. घट्ट आणि सैल जागांतील फरक फार मोठा असेल तर साखळी असमान झिजली आहे, असे समजावे.

समायोजन

साखळीचा ताण मागील चाक पुढे-मागे सरकवून बदलतात. दुबेळक्याच्या दोन्ही टोकांना लांबट खाचा असतात आणि चाकाची आस त्यांत सरकते. बहुतेक वाहनांत प्रत्येक बाजूस आटे असलेला बोल्ट आणि नट यांचा समायोजक असतो. जुन्या बुलेटसारख्या काही वाहनांत त्याऐवजी शंखाच्या वळणासारखी, कडेला खाचा असलेली चकती असते.

सामान्य क्रम पुढीलप्रमाणे असतो:

१. वाहन डबल स्टँडवर घेऊन मागील चाक अधांतरी करावे. घट्ट जागा खालच्या बाजूच्या मध्यावर आणावी.
२. आसेच्या नटमध्ये कॉटर पिन असल्यास ती काढावी आणि आसेचा नट सैल करावा. तो पूर्ण काढू नये. अनेक लहान मोटारसायकलींत साखळीच्या बाजूस आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो. तोही सैल करावा. हा नट विसरल्यास चाक एका बाजूने सरकतच नाही.
३. मागे ड्रम ब्रेक असल्यास ब्रेकच्या दांडीवरील नट थोडा सैल करावा. चाक मागे गेल्यावर ही दांडी ओढली जाते आणि ब्रेक घासू लागतो.
४. दोन्ही समायोजकांचे लॉक नट सैल करावेत.
५. समायोजक नट दोन्ही बाजूंना अगदी सारखे फिरवावेत. आस १ मिमी मागे सरकली की साखळीची सुमारे २ मिमी लांबी खपते. म्हणून एका वेळी नटची एक किंवा दोन सपाट अंगेच फिरवावीत आणि प्रत्येक वेळी झोळ मोजावा.
६. साखळी जास्त घट्ट झाल्यास समायोजक सैल करून चाक हाताने किंवा पायाने पुढे ढकलावे. नुसता नट सैल केल्याने चाक आपोआप पुढे येत नाही.
७. दुबेळक्यावरील खुणा पाहून चाक दोन्ही बाजूंना सारखे आहे याची खात्री करावी.
८. चाक पुढे दाबून धरून आधी स्लीव्ह नट, मग आसेचा नट आणि शेवटी लॉक नट आवळावेत. टॉर्क पाना असल्यास पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेले मूल्य वापरावे. कॉटर पिन नवी घालावी.
९. झोळ पुन्हा मोजावा. आस आवळताना चाक किंचित सरकून माप बदलणे ही नेहमीची बाब आहे.
१०. ब्रेकच्या पायपट्टीची मोकळी हालचाल पुस्तिकेनुसार लावावी. चाक मोकळे फिरते का आणि ब्रेक दाबताच मागील दिवा लागतो का, हे पाहावे.

पहिली फेरी सावकाश आणि मोकळ्या रस्त्यावर मारावी. परतल्यावर सर्व नट एकदा तपासावेत. घरी काम करताना टॉर्क पाना नसेल, तर आसेचा नट लवकरात लवकर जाणकार मेकॅनिककडून तपासून घेणे श्रेयस्कर असते.

चाकाची रेषा

दुबेळक्यावर छापलेल्या खुणा सर्व वाहनांत अचूक नसतात. अपघातात दुबेळका वाकला असेल तर त्या निरुपयोगी ठरतात. दुबेळक्याच्या खिळीच्या मध्यापासून आसेच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजणे हा अधिक विश्वासार्ह उपाय आहे. मागून पाहिले असता साखळी मागील दंतचक्रावर सरळ उतरताना दिसावी. दंतचक्राच्या एकाच अंगाला घासल्याची चकाकी दिसणे हे चाक तिरके असल्याचे लक्षण होय.

स्वच्छता व वंगण

साखळी स्वच्छ करण्यासाठी केरोसीन किंवा साखळीसाठी बनवलेला द्राव, मऊ ब्रश आणि जुने फडके पुरेसे असते. ब्रशने मळ सुटल्यावर साखळी कोरडी पुसून घ्यावी. पेट्रोल आणि थिनर टाळावेत. ते झटकन पेट घेतात आणि रबरी कड्यांना हानी पोहोचवतात. तारेचा ब्रश आणि सर्व्हिसिंग सेंटरवरील दाबाच्या पाण्याचा झोत यांमुळेही रबरी कड्या फाटतात व सांध्यांतील ग्रीस निघून जाते. केरोसीन वापरताना जवळ शेगडी, विडी-सिगारेट किंवा पेटता दिवा नसावा.

वंगणासाठी पुस्तिकेत सांगितलेले गिअर ऑइल, बहुधा ९० क्रमांकाचे, किंवा साखळीचा स्प्रे वापरतात. ओ-रिंग साखळीसाठी तसा स्पष्ट उल्लेख असलेलाच स्प्रे घ्यावा. वंगण खालच्या बाजूच्या साखळीवर, आतल्या अंगाने, चाक हाताने उलटे फिरवत थेंबाथेंबाने सोडतात. साखळी फिरू लागली की तेल आतून बाहेर फेकले जाते आणि पट्ट्यांच्या फटींतून सांध्यांपर्यंत पोहोचते. बाहेरून ओतलेले तेल मात्र लगेच उडून जाते. प्रवासानंतर साखळी कोमट असताना वंगण देऊन ती रात्रभर तशीच ठेवणे आणि सकाळी जादा तेल पुसणे हा उत्तम क्रम होय. टायर, ब्रेक ड्रम किंवा डिस्क यांच्यावर तेलाचा थेंबही पडू नये.

साध्या साखळीला दर ५०० ते १,००० किलोमीटरमागे वंगण देण्याची शिफारस सामान्यतः केली जाते. पावसात भिजल्यावर किंवा वाहन धुतल्यावर ते त्याच दिवशी द्यावे. कोकणातील पावसाळ्यात जांभ्याची तांबडी माती आणि पाणी मिळून साखळीवर बारीक घासणारा लेप बसतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत उघडी साखळी लवकर गंजते. देशावरील उन्हाळ्यात कोरडी धूळ चिकट तेलावर जमते. त्यामुळे पावसाळ्यात वंगणाची वारंवारता वाढवणे आणि उन्हाळ्यात जादा तेल न चुकता पुसणे हिताचे ठरते. धुतलेले मळके केरोसीन व तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

झीज व साखळी बदलणे

साखळीची झीज लांबीवरून मोजतात. साखळी ताठ धरून २० पिचचे, म्हणजे पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजले असता नव्या ४२८ साखळीत ते २५४ मिमी भरते. दोन टक्के वाढ झाल्यास ते सुमारे २५९ मिमी होते. अनेक उत्पादक एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यानची वाढ ही साखळी बदलण्याची मर्यादा मानतात. दुसरी सोपी कसोटी म्हणजे मागील दंतचक्राच्या पाठीमागच्या टोकाशी साखळी बोटांनी मागे ओढणे. ती उचलली जाऊन दात्याचा निम्मा भाग दिसू लागला, तर साखळी झिजलेली आहे.

दंतचक्राचे निरोगी दाते दोन्ही बाजूंनी सारखे असतात. झिजलेले दाते टोकदार आणि एका बाजूला आकड्यासारखे झुकलेले दिसतात. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी आणि जुन्या साखळीखाली नवे दंतचक्र घातल्यास नवा भागही लवकर खराब होतो. म्हणून साखळी आणि दोन्ही दंतचक्रे एकत्रच बदलतात. बाजारात हा संच चेन-स्प्रॉकेट किट या नावाने मिळतो. मागील चाकाच्या हबमधील झटके शोषणारे रबर त्याच वेळी तपासून घेतात, कारण ते झिजले असल्यास नवी साखळीही सैल असल्यासारखे झटके बसतात.

प्रचलित गैरसमज

• साखळी जितकी घट्ट तितकी चांगली: वर सांगितल्याप्रमाणे झोळ नसलेली साखळी स्वतःला आणि धारव्यांना झिजवते.
• समायोजक संपला की दोन कड्या काढाव्यात: कड्या काढल्याने लांबी कमी होते, परंतु उरलेल्या प्रत्येक सांध्यातील झीज आणि वाढलेला पिच तसाच राहतो. अशी साखळी दंतचक्रे झपाट्याने झिजवते आणि तुटण्याची शक्यता वाढते.
• इंजिनातून काढलेले जळके तेल साखळीला चालते: त्यात काजळी आणि धातूचे सूक्ष्म कण असतात. ते सांध्यांत जाऊन घासणाऱ्या लेपासारखे काम करतात.
• झाकलेल्या साखळीकडे पाहावे लागत नाही: आवरणामुळे धूळ-पाण्यापासून बचाव होतो व साखळीचे आयुष्य वाढते, मात्र झीज थांबत नाही. उलट ती डोळ्यांआड राहत असल्यामुळे अशा साखळीची तपासणी अधिक वेळा विसरली जाते.

अपघात व खबरदारी

साखळीच्या देखभालीतील सर्वांत गंभीर धोका बोटांना असतो. इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून चाक आपोआप फिरत असताना साखळी पुसण्याची किंवा तिला तेल देण्याची सवय अनेकांना असते. फडक्याचे टोक साखळीत अडकले की ते बोटांसह दंतचक्राकडे खेचले जाते आणि हात मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही. त्यात बोटांची टोके चिरडतात किंवा तुटतात. हे काम नेहमी इंजिन बंद करून, किल्ली काढून, चाक हातानेच फिरवत करावे. हाताने फिरवलेल्या चाकातही पुरेसा जोर असतो. म्हणून साखळी दंतचक्रावर चढते त्या जागेजवळ बोट नेऊ नये. लहान मुलांना अशा वेळी दूर ठेवावे.

असा अपघात झाल्यास जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरून हात उंच ठेवावा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तुटलेल्या भागाला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये.

दुसरा धोका कपड्यांचा आहे. साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा किंवा शालीचे टोक मागील चाकात अथवा साखळीत गुंतून मागे बसलेली व्यक्ती खाली ओढली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलीला मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड व पाय ठेवण्याची पट्टी असणे आणि मागील चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षक साधन असणे बंधनकारक आहे. हे साधन साडी गार्ड या नावाने ओळखले जाते. ते किंवा साखळीचे आवरण दिसण्यासाठी काढून टाकू नये. दुरुस्तीसाठी काढलेले आवरण वाहन रस्त्यावर नेण्यापूर्वी परत बसवावे.

इतर पद्धतींशी तुलना

काही मोटारसायकलींत साखळीऐवजी दात्यांचा पट्टा किंवा फिरता दांडा वापरतात. पट्टा आवाज कमी करतो आणि त्याला तेल लागत नाही, परंतु तो रुंद असतो आणि दातांत खडा अडकल्यास खराब होतो. दांड्याच्या पद्धतीत देखभाल अत्यल्प असली तरी तिचे वजन व किंमत जास्त असते. गिअर असलेल्या जुन्या स्कूटरींत इंजिन मागील चाकाला लागूनच असल्यामुळे साखळीची गरज नसे. हलकेपणा, कमी किंमत, उत्तम कार्यक्षमता आणि गावोगावी होणारी दुरुस्ती यांमुळे मोटारसायकलींत साखळी आजही सर्वाधिक प्रचलित आहे.

हेही पहा

• सायकल
• दंतचक्र
• धारवा
• वंगण
• गिअरपेटी